पॉन्टिअ‍ॅकचा बाण विकणे नाही : गाडीवेड्या मित्रांना खुले पत्र

गाडीवेड्या मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात लोणावळ्याला आपण नाश्त्याला थांबलो होतो, तेव्हा मिसळ गार होईपर्यंत तुमचा वाद चालला होता. दिवाळखोरीत निघालेल्या अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं २००९ साली पॉन्टिअ‍ॅक मारली आणि ब्यूक का ठेवली? कंपनी वाचवायला तिथल्या सरकारनं पैसे ओतायलाच नको होते का? एकानं तर टेबलावर हात आपटून सांगितलं की जी८सारखी गाडी विकणारा ब्रँड बंद करणाऱ्यांना चौकात उभं करायला हवं. मी गप्प बसलो होतो. उठताना सहज बोलून गेलो की माझ्याकडे पॉन्टिअ‍ॅकचा एक मोनोग्राम आहे, म्हणजे गाडीच्या नाकावर बसतो तो बाणाचा बिल्ला, न वापरलेला. तिथंच चुकलं. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. शेवटचा भाव अकरा हजारांवर गेलाय. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच लिहितो, आणि त्या दिवशी न बोललेलंही बोलून टाकतो.

हा मोनोग्राम माझ्याकडे आला कसा, ते आधी. २००६ ते २००९ अशी तीन वर्षं मी अमेरिकेत ओहायोत होतो. गाड्यांचे बंपर आणि पुढच्या जाळ्या मोल्ड करणाऱ्या एका सप्लायरकडे क्वालिटीचं काम बघायचो. आमचा माल जनरल मोटर्सच्या लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यात जायचा. तिथं एकाच लाइनवर दोन गाड्या तयार व्हायच्या, शेव्हरोले कोबाल्ट आणि पॉन्टिअ‍ॅक जी५. दोन आपलं म्हणायला. खालचा सांगाडा तोच, इंजिन तेच, दारं तीच, काचा त्याच. जो काही फरक होता तो आमच्या बाकावर. डाव्या हाताला एक क्रेट, त्यात शेव्हरोलेचे सोनेरी बो-टायच्या आकाराचे मोनोग्राम. उजव्या हाताला दुसरा, त्यात पॉन्टिअ‍ॅकचे लाल बाण. कागदावरचा कोड बघायचा, त्याप्रमाणे जाळी उचलायची, मोनोग्रामच्या मागच्या पिना भोकांत घालायच्या आणि अंगठ्यानं दाबायचं. टक् असा आवाज आला की झाली पॉन्टिअ‍ॅक तयार.

माझ्या शेजारी तीसेक वर्षं कारखान्यात काढलेली एक बाई होती. मी नवीन असताना तिला विचारलं, की आज आपण शेव्ही करतोय की पॉन्टिअ‍ॅक? ती म्हणाली, जो क्रेट आधी संपेल त्यावरून कळेल. सगळा बाक हसला. मला तो विनोद कळायला दोन वर्षं लागली.

तुम्ही ज्या पॉन्टिअ‍ॅकसाठी भांडता ती १९६४ची जीटीओ आहे. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठं इंजिन बसवून पोरांच्या खिशाला परवडेल असा राक्षस तयार करायचा, ही तिथला इंजिनीअर जॉन डिलोरिअन आणि त्याच्या सोबत्यांची आगाऊ कल्पना. ती वरिष्ठांच्या नियमात बसत नव्हती, म्हणून आधी तिला टेम्पेस्ट या साध्या गाडीचं ऑप्शन पॅकेज म्हणून आत घुसवलं. ती पॉन्टिअ‍ॅक खरी होती, कारण ती करणारे इंजिनीअर वेगळे होते, त्यांचं इंजिन वेगळं होतं आणि शेव्हरोलेवाल्यांशी त्यांचं उघड वैर होतं. भाऊबंदकीसारखं वैर. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन या प्रमुखानं १९२०च्या दशकात जी ब्रँडांची उतरंड रचली, ती या वैरावरच तर उभी होती. सगळ्यात खाली शेव्हरोले, तिच्यावर पॉन्टिअ‍ॅक, मग ओल्ड्समोबिल, ब्यूक आणि सगळ्यात वर कॅडिलॅक. माणसाचा पगार वाढेल तसं त्यानं एकेक मडकं वर चढायचं, पण घर सोडून जायचं नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांतली एक या उतरंडीतली असायची.

मग हिशेबनीस आले. पाच इंजिनं कशाला, पाच सांगाडे कशाला? प्रश्न बरोबर होता, उत्तराचा हात सैल सुटला. १९८२च्या मॉडेलवर्षात शेव्हरोले कॅव्हेलिअरला चामड्याच्या सीटा लावून तिला कॅडिलॅक सिमॅरॉन म्हणून विकायला काढली, आणि वरचं मडकं थेट खालच्यावर आदळलं. पुढे स्वीडनची साब घेतली आणि शेव्हरोले ट्रेलब्लेझरला साबचं नाक लावून ९-७एक्स काढली. त्यात चावी मात्र साबच्या रिवाजाप्रमाणे दोन सीटांच्या मध्ये ठेवली! स्वीडिश माणूस तेवढ्यानं फसेल असं ज्याला वाटलं असेल त्याला माझा दंडवत.

आपण हसायला नको म्हणा. आपल्याकडे शेव्हरोले म्हणून आलेली फॉरेस्टर म्हणजे सुबारू होती. टवेरा इसुझूची, ऑप्ट्रा देवूची, स्पार्क म्हणजे जुनी मॅटिझ. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अ‍ॅव्हिओ यूव्हीए होती, त्यांनी ऐकून ठेवा: तिचीच बहीण २००९च्या मॉडेलवर्षात अमेरिकेत पॉन्टिअ‍ॅक जी३ म्हणून विकली गेली. ज्या ब्रँडसाठी तुम्ही मिसळ गार केलीत, त्याची शेवटची छोटी गाडी तुमच्या काकांनी आरटीओत पांढऱ्या नंबर प्लेटवर पास करून घेतली होती. जी८ उत्तम होती, कबूल. पण ती ऑस्ट्रेलियात जनरल मोटर्सच्याच होल्डननं केलेली कमोडोर होती. बाण तेवढा पॉन्टिअ‍ॅकचा.

सॅटर्नचं मात्र मला खरंच वाईट वाटतं, आणि तिच्याबद्दल तुमच्यात कुणी अवाक्षर काढत नाही. जपान्यांना तोंड द्यायचं म्हणून १९८५ साली ही वेगळी कंपनीच काढली. टेनेसीतल्या स्प्रिंग हिलला नवा कारखाना, कामगार संघटनेशी वेगळा करार, निर्णयात कामगारांना वाटा. दारं प्लास्टिकची, पार्किंगमध्ये कुणी ढकललं तरी पोचा पडायचा नाही. शोरूममध्ये घासाघीस बंद, लिहिलेला भाव तोच भाव. आपल्या पुण्याच्या दुकानदारासारखं, फक्त सॅटर्नवाले हसून बोलायचे. १९९४च्या उन्हाळ्यात त्यांनी गाडीमालकांना कारखाना बघायला बोलावलं, तर चाळीस हजारांवर माणसं गाड्या घेऊन आली. छोट्या गाडीसाठी! आणि मग काय केलं? बाकीच्या विभागांनी ओरड केली की सगळा पैसा त्यांनाच, म्हणून सॅटर्नला कित्येक वर्षं नवी गाडीच दिली नाही. शेवटी तिच्यावरही जनरल मोटर्सच्याच युरोपातल्या ओपेलचे पत्रे आले. २००९ साली गाड्यांचे बडे व्यापारी रॉजर पेन्स्की ती विकत घ्यायला तयार होते, पण गाड्या बनवून कोण देणार याचा मेळ बसेना आणि सप्टेंबरअखेर तेही मागे हटले.

आता तुमचा आवडता प्रश्न. ब्यूक का वाचली? चीनमुळे. शांघायमध्ये ब्यूक म्हणजे मान होता, अगदी शेवटच्या सम्राटापासूनचा. तिथं ती अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त खपत होती. विषय संपला. यात कुणाचं कटकारस्थान शोधू नका.

पण हे सगळे ब्रँड नेमके २००९लाच का मेले, हे कळायला डीलरकडे बघावं लागतं. अमेरिकेत प्रत्येक राज्यात डीलरला संरक्षण देणारे कायदे आहेत. कंपनीला वाटलं म्हणून उद्यापासून ब्रँड बंद, असं चालत नाही, डीलरला भरपाई द्यावी लागते. ओल्ड्समोबिल बंद करायची घोषणा डिसेंबर २०००मध्ये झाली, शेवटची गाडी एप्रिल २००४मध्ये लान्सिंगला बनली आणि त्या निरोपाला अब्जभर डॉलरच्या वर खर्च आला. ते बिल बघितल्यावर पॉन्टिअ‍ॅक, सॅटर्न, हमर, साब यांना हात लावायची कुणाची छाती होणार? म्हणून २२ टक्के बाजारावर आठ ब्रँड पोसत बसले. दिवाळखोरीच्या कोर्टात मात्र जुने करार न्यायाधीशाच्या सहीनं मोडता येतात. जे मरण परवडत नव्हतं ते जून २००९मध्ये स्वस्त झालं. मे महिन्यातच अकराशेच्या आसपास डीलरांना पत्रं गेली होती की तुमचा करार पुढे चालू राहणार नाही.

बेलआउटबद्दल, म्हणजे सरकारनं कंपनीला दिलेल्या मदतीबद्दल, तुमच्यातले दोन्ही गट मला अर्धवट वाटतात, राग मानू नका.

'बाजाराला ठरवू द्या' म्हणणाऱ्यांनी माझा डिसेंबर २००८ बघायला हवा होता. नोव्हेंबरात जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिन्ही कंपन्यांचे प्रमुख खासगी विमानानं वॉशिंग्टनला भीक मागायला गेले, पुढच्या खेपेला शहाणे होऊन हायब्रिड गाड्या चालवत गेले. तुम्ही त्यावर जोक करता, आम्हीही केले. पण अकरा डिसेंबरला सिनेटमध्ये मदतीचा प्रस्ताव अडकला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या परचेसच्या माणसाचा चेहरा पांढरा पडला होता. आम्हाला प्लास्टिकचे दाणे पुरवणाऱ्यानं कळवलं होतं, की आजपासून उधारी बंद, आधी पैसे. आमचे स्वतःचे पैसे मात्र गाडी कंपनीकडे अडकलेले, माल दिल्यावर दीड-पावणेदोन महिन्यांनी मिळणारे. जनरल मोटर्स त्या महिन्यात कोसळली असती तर आम्ही चार आठवडे टिकलो नसतो. आणि आम्ही फक्त तिलाच माल देत नव्हतो. आमच्याच शेडमधून इतरांचे बंपरही जायचे. फोर्डनं मदत घेतली नाही म्हणून तुम्ही त्यांचं कौतुक करता. त्यांनी २००६लाच निळ्या लोगोसकट सगळं गहाण टाकून २३ अब्ज डॉलरच्या वर कर्ज उभं केलं होतं, त्यामुळे वेळ निभावली. तरीही त्यांचे प्रमुख ॲलन मुलाली प्रतिस्पर्ध्यांसाठी काँग्रेससमोर जाऊन बसले. प्रेमानं नव्हे. सप्लायर बुडाले की आपलीही लाइन थांबते हे त्यांना ठाऊक होतं. (फोर्डची गरज आपल्याही पथ्यावर पडली. २००८मध्ये जॅग्वार-लँड रोव्हर टाटांनी घेतली, २.३ अब्ज डॉलरला.) अखेर १९ डिसेंबरला बुश यांनी बँकांसाठी ठेवलेल्या निधीतून १७.४ अब्ज डॉलर जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या दोन कंपन्यांसाठी काढले. त्या संध्याकाळी आमच्याकडे कुणी पेढे वाटले नाहीत, पण दाण्यांचा ट्रक सोमवारी आला.

आणि 'बेलआउट यशस्वी झाला' म्हणणाऱ्यांनो, तुम्ही फक्त अर्धंच पासबुक बघता. २००९च्या एक जूनला दिवाळखोरी, दहा जुलैला जुनी देणी मागे टाकून नवी कंपनी बाहेर, चाळीस दिवसांत. सरकारनं जवळपास ५० अब्ज डॉलर घातले, शेवटचे शेअर डिसेंबर २०१३मध्ये विकले, तोटा दहा अब्जांच्या वर. तेवढ्यात हे सगळं वाचलं असेल तर महाग नाही, असं मीही म्हणतो. पण बाकीचा तोटा कुठे लिहिलाय? डेल्फी ही जनरल मोटर्सचीच जुनी सुटे भाग करणारी शाखा. तिच्या पगारदार निवृत्तांची संख्या वीस हजार, त्यांची पेन्शन कापली गेली. संघटनेतल्यांची मात्र भरून दिली. नवे कामगार जुन्यांच्या शेजारी उभे राहून तेच काम जवळपास निम्म्या पगारात करू लागले. ती दुहेरी पगाराची सोय २००७च्या करारातली, पण तिचा खरा वापर नंतर झाला.

तुम्हाला गाड्यांसाठीच रडायचं असेल तर तेही होतं. २००९च्या उन्हाळ्यात 'जुनी द्या, नवी घ्या' योजनेत पावणेसात लाख चालत्या गाड्या मारल्या. तेल काढायचं, सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं आणि इंजिन जॅम होईपर्यंत रेस करायचं. आमच्या गावच्या डीलरच्या मागच्या अंगणात मी एकदा ते बघितलं. दोन-तीन मिनिटं लागतात. मेकॅनिक तोंड फिरवून उभा होता.

आणि स्विच. २०१४मध्ये कळलं की इग्निशनचा स्विच इतका हलका होता की किल्लीच्या जुडग्याला धक्का बसला तरी गाडी चालता चालता बंद पडायची, आणि मग एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीतल्या काहींना ते वर्षानुवर्षं माहीत होतं. पहिल्या फेरीत सव्वीस लाख गाड्या परत बोलावल्या. भरपाई निधीनं १२४ मृत्यू मान्य केले. कुठल्या गाड्या? शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन, पॉन्टिअ‍ॅक जी५... माझ्या डाव्या क्रेटमधली आणि उजव्या क्रेटमधली, दोन्ही. त्यावर नव्या कंपनीनं कोर्टात काय सांगावं? की अपघात जुन्या कंपनीच्या काळातले, दिवाळखोरीत ती देणी मागे राहिली. २०१६मध्ये अपील कोर्टानं ते मानलं नाही, हे बरं झालं. पण गाडी तीच, कारखाना तोच, आणि जबाबदारी तेवढी दुसऱ्याच कुणाची, हे म्हणायची सोय त्या चाळीस दिवसांनी करून दिली होती. तुम्ही वाद घालता तो कुठला बाण वाचायला हवा होता यावर. माझं भांडण या सोयीशी आहे.

कारण त्या सोयीतून कंपनी एक गोष्ट फार नीट शिकली: निघून जायला. २०१७मध्ये ओपेल फ्रेंचांना विकली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातला होल्डनचा शेवटचा कारखाना बंद, २०२०मध्ये नावही पुसलं. २०१८ साली कोरियातला गुन्सानचा कारखाना. २०२०मध्ये थायलंड. ज्या लॉर्ड्सटाउनमध्ये सप्टेंबर २००९ला ओबामा स्वतः येऊन कामगारांना धीर देऊन गेले, तिथं पुढे क्रूझ बनू लागली. हो, आपल्यातले डिझेलवाले जिच्या टॉर्कच्या आठवणी काढून डोळे मिटतात तीच क्रूझ. मार्च २०१९मध्ये तो कारखानाही थांबला. शेअर बाजारात या सगळ्याला शिस्त म्हणतात.

आणि आपलं तळेगाव. कारखाना सुरू झाला सप्टेंबर २००८मध्ये. याच महिन्यात जनरल मोटर्सला शंभर वर्षं पूर्ण झाली आणि याच महिन्यात लेहमन ही अमेरिकन बँक बुडाली. म्हणजे बाळाच्या बारशालाच आजोबा आयसीयूत. तरी चालला. बीट इथं बनली, तिचं ते पिटुकलं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिनही इथलंच. २०१७अखेर भारतातली विक्री बंद झाली, मग निर्यातीवर चालला. २४ डिसेंबर २०२०ला उत्पादन थांबलं. चिनी ग्रेट वॉलशी सौदा झाला होता, गलवाननंतर तो सरकारी मंजुरीत अडकला आणि २०२२मध्ये मोडला. हजाराहून जास्त कामगार कोर्टाच्या तारखा मोजत राहिले. २०२३मध्ये ह्युंदाईनं जागा घ्यायचा करार केला. जुन्या जाणत्यांना आठवत असेल, ही काही पहिली वेळ नव्हे. याच कंपनीनं १९२८पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या आणि १९५४मध्ये गाशा गुंडाळला. तेव्हा कारण आपल्या सरकारचं धोरण होतं, या वेळी त्यांचा ताळेबंद.

अमेरिकन करदात्यानं तळेगावच्या वेल्डरची काळजी का करावी, असं कुणीतरी विचारणारच. करू नये. पण आपण तरी केली का? मी २००९लाच परत येऊन चाकणला नोकरी धरली होती. २०२१च्या जानेवारीत कामासाठी तळेगावजवळच्या नवलाख उंबऱ्यावरून जाताना त्या कारखान्याच्या गेटसमोर थांबलो. ओळीत बसलेली माणसं, एकानं अजून कंपनीचं जॅकेट घातलेलं, छातीवर बो-टाय. थंडी होती म्हणून घातलं असेल. टपरीवाला म्हणाला, आता दिवसाला चाळीस चहासुद्धा जात नाहीत. त्याच आठवड्यात आपल्या ग्रुपवर काय चर्चा होती आठवतं? बीटचे स्पेअर्स आता मिळतील का, आणि क्रूझची रीसेल किती पडेल. मीही त्यात होतो, दोन मेसेज टाकले होते.

तर मोनोग्रामचं. ओहायोतल्या शेवटच्या दिवशी बाक आवरताना उजव्या क्रेटच्या तळाशी तीन बाण उरले होते. लाइन बंद झाली होती, ते कुठे जाणार नव्हते. एक त्या बाईनं पर्समध्ये टाकला, एक सुपरवायझरनं नेला, एक मला दिला. मागच्या पिना अजून सरळ आहेत, कारण तो कधी कुठल्या जाळीत बसलाच नाही. विकणे नाही. बघायचा असेल तर पुढच्या रविवारी घेऊन येतो, पण नाश्ता लोणावळ्याला नको. तळेगाव स्टेशनवरून आत वळा आणि सकाळी सातला नवलाख उंबऱ्याच्या त्या टपरीवर या. चहा माझ्याकडून.

आपला,
उजव्या क्रेटचा एक जुना क्वालिटीवाला